भंगारातल्या अडथळ्यांची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पाडलेल्या घरांची दारे-खिडक्या घेणे व विकणे, हल्ली घरीच, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला घोड्यांच्या डॉक्टरांनी दिला आहे. माणसांच्या डॉक्टरांकडे मी जात नाही, ते मीठ बंद करतात.

१. राहते घर मुलाला, गळक्या न्हाणीघरासकट.

२. मागचे मैदान, तपकिरी घोडी व तिच्या उड्यांसाठी मांडलेले सर्व अडथळे मुलीला. मुलगा म्हणतो, "बाबा, तिथे लोकांना गाड्या लावू दिल्या तर बसून खाता येईल." बसून खाणारे घरात पुरेसे आहेत.

अडथळे भंगारातले म्हणून कोणी नाक मुरडू नये. तयार आणायचे तर घोडी विकावी लागली असती. जुन्या दवाखान्याचं निळं दार आडवं करून केलेली भिंत, टायरांची रांग, दोन पिंपांवरचा बांबू, सगळं मुलीने आणि मी मिळून उभं केलं. रंग उरलासुरला, त्यामुळे एक अडथळा गुलाबी झाला. घोडीला तो आवडत नाही. मलाही नाही.

मात्र आडवी दांडी अर्ध्या कापलेल्या पाइपात नुसती टेकवावी. घोड्याचा पाय लागला की ती पडली पाहिजे.

३. माझी हत्यारे मेहुण्याला, स्क्रूड्रायव्हर सोडून. तो विहिरीत टाकावा. मेहुणा नावाजलेला फर्निचरवाला. गेल्या वर्षी मी बाजारात गेलो असताना त्याने उपकार केले. "दाजी, तुमची दांडी हलत होती. स्क्रू मारून पक्की केली, आता हत्ती आला तरी हलायची नाही." हत्ती आला नाही, घोडीवर बसून मुलगी आली. दांडी हलली नाही, घोडी अडखळली, मुलीच्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण त्यानंतर ती घोडीवर बसलेली नाही. दाणापाणी करते, खरारा करते, आणि खोगीर दिसलं की तिला दुसरं काम आठवतं. मला ते बघवत नाही. मेहुण्याशी मी तेव्हापासून फक्त हवापाण्याचं बोलतो.

४. मुलीने वर्षाच्या आत सर्वात बुटका अडथळा घोडीवर बसून ओलांडावा, अन्यथा मैदान मुलाला.

कलम ४ रद्द समजावे. चहा ठेवताना मुलीने ते वाचलं.

"मेल्यावरही माझ्या मागे लागणार का, बाबा?"

"तुझ्या भल्यासाठीच लिहिलंय."

"खोडा ते. मैदानासाठी म्हणून मी घोडीवर बसणार नाही."

मी खोडलं. खाडाखोडीशेजारी साक्षीदारांच्याही सह्या हव्यात, म्हणून दोघांना बोलावलं. शेजारच्या शिंपीणबाईंनी सही केली. डॉक्टर पेन हातात घेतात तोच मुलीने अंगणातून हाक मारली, "डॉक्टर, जरा घोडीला धरता का?"

डॉक्टर तसेच उठले. खोगीर तिने स्वतःच कसलं होतं. ती चढली आणि मैदानाला सावकाश एक फेरी मारून आली. अडथळ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी खिडकीत उभा राहून रडलो, हे शिंपीणबाईंनी पाहिलं आहे.

सबब हे मृत्युपत्र अमलात आणण्याची कोणीही घाई करू नये. उद्या सकाळी घोडी धरायचं काम माझ्याकडे आहे.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : ९ मार्च

सही : दारे-खिडक्यावाले
साक्षीदार : १. शेजारच्या शिंपीणबाई
२. घोड्यांचे डॉक्टर (हात धुऊन सही केली)