हेडलाइटचा दोष

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून गाडीचं सगळं काम घरी. स्वतःच्या हाताने. ठरलं म्हणजे ठरलं.

कारण असं घडलं. मुलगा आणि सूनबाई जेवायला आले होते. मुलाने आल्या आल्या गाडीचा चेपलेला मडगार्ड बघितला आणि भर जेवणात म्हणाला की बाबा, एक तर डोळे तपासून घ्या, नाहीतर किल्ली माझ्याकडे द्या. महिनाअखेरपर्यंत मुदत. मला मुदत! कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्टर होतो मी. लोकांना भिंगातून न दिसणारी केसाएवढी चीर मी उभ्या उभ्या दाखवायचो. तरी शांतपणे समजावलं की दोष हेडलाइटचा आहे. काच पिवळी पडलीय, उजेड फाकतो. शिवाय आपल्या फाटकाचा खांब मुळातच बाहेर बांधलाय, गवंड्याची चूक. सूनबाई ताटात बघून हसली. ही वाढत राहिली.

गाडी गेली तर माझ्याकडे उरतं काय? पेपर आणि गोळ्यांची डबी. आणि हिच्या ताईचं काय? ताई अंथरुणाला खिळलेली, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. दर मंगळवारी हिला तिकडे नेणं-आणणं हे माझं काम आहे. तेवढं एकच काम उरलंय, ते मी कुणाला देणार नाही.

संकल्प: आठवड्यात हेडलाइट लख्ख.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ताईकडे जाऊन आलो. जाता-येता हिची कॉमेंटरी. लाल झालाय. पुढे स्पीडब्रेकर. डावीकडून सायकल येतेय. ट्रक थांबलाय, अहो, ट्रक थांबलाय! लहान पोर दुकानांच्या पाट्या वाचत जातं तसं हिचं रस्ता वाचणं चालू. वयाने होतं असं माणसाचं. पूर्वी बिचारी खिडकीबाहेर बघत बसायची, मध्येच कुणाच्या तरी बागेतली फुलं दाखवायची. गेलं वर्षभर नुसतं डोकं उठवलंय.

रेडिओ बंद आहे. तो दुरुस्त केला तर हिचा आवाज बुडेल. कामांच्या यादीत घातलं.

५ नोव्हेंबर

हेडलाइटच्या काचा टूथपेस्टने घासल्या. व्हिडिओत दाखवतात, अगदी शास्त्रीय उपाय. नवी कोरी ट्यूब संपली म्हणून हिचं आकांडतांडव. दात काय, एक दिवस थांबू शकतात.

संध्याकाळी गॅरेजच्या भिंतीवर उजेड पाडून बघितला. उजेडाभोवती मोठं कडं. काच तर स्वच्छ. म्हणजे बल्बच भिकार.

७ नोव्हेंबर

स्पेअर पार्टवाल्याकडून नवे बल्ब आणले. जुने हातात घेऊन म्हणाला, काका, हे चांगलेत की. धंदा कसा करावा हेसुद्धा आजकाल दुकानदारांना कळत नाही.

बसवताना बल्ब धरून ठेवणारी तारेची क्लिप उडाली. दुपार शोधण्यात गेली. जुनी गादी उचलली, रंगाचे डबे हलवले, गॅरेज पालथं घातलं. ही चहा घेऊन आली आणि माझ्या चपलेशेजारून उचलून हातात ठेवली. असतं एकेकाचं नशीब.

संध्या. ७.३०. नव्या बल्बांभोवतीही कडं! म्हणजे वायरिंग. मग बाहेर येऊन बघितलं तर रस्त्यावरच्या दिव्यांभोवतीही तेच. सगळीकडे व्होल्टेजची बोंब आहे, माझी गाडी तरी काय करणार? चंद्रालाही कडं होतं, पण ते धुळीने.

१० नोव्हेंबर

रेडिओ उघडला. वायरी बऱ्याच निघाल्या. लाल आणि तपकिरी यांत कंपनीने काही फरकच ठेवलेला नाही. अंदाजाने जोडल्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रेडिओ चालू झाला! माझा मुद्दा सिद्ध. एवढंच की इंडिकेटर लावला तरच वाजतो, तोही इंडिकेटरच्या ठेक्यात. अर्धी बातमी वळणावर ऐकली, उरलेली पुढच्या वळणावर. मध्ये कोण वारलं ते कळलं नाही.

हिची कॉमेंटरी बातम्यांच्याही वर.

१३ नोव्हेंबर

खरा दोष सापडला. पुढची काच! धुकट झालीय. इतके दिवस हेडलाइटच्या मागे लागलो, उगाच. पॉलिशची पावडर आणली, ड्रिलला फेल्टची चकती लावली आणि सकाळपासून घासतोय. खांदे भरून आले. पण हात फिरवला तर कशी लोण्यासारखी! हिला बोलावलं. ती काचेकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, पदराला हात पुसले आणि आत गेली. काम पसंत पडलेलं दिसतंय.

काच बसायला दोन-चार दिवस लागत असावेत. अजून धुकट वाटते.

१६ नोव्हेंबर, रविवार

मडगार्डचं शुभकार्य. चेपलेल्या जागी पुट्टी भरली, कागदाने घासली, वरून रंगाचा स्प्रे. रंग मी स्वतः निवडला, दुकानात पाच डबे मांडून. दुकानदार गाडीचा नंबर टाकून कॉम्प्युटरवर शोधू का म्हणत होता. म्हटलं, बाबा रे, हे डोळे कॉम्प्युटरच्या आधीचे आहेत.

ही बाहेर आली, म्हणाली की नक्की हाच आणलात? म्हटलं, शंका आहे? म्हणाली, छे, मला काय कळतंय. पलीकडचे मॉर्निंग वॉकवाले फिरून येताना फाटकाशी थबकले. बराच वेळ बघून म्हणाले, उठून दिसतंय हो. एवढं कौतुक मला रिटायर होतानासुद्धा कुणी केलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काय लिहावं.

निघतानाच वाद झाला. पहिल्या चौकाच्या आत हिने पाच सूचना केल्या. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, गाडी तू चालवतेस का मी? आता एक शब्द काढलास तर इथेच उतरवीन. गप्प बस. तर खरंच गप्प बसली. शब्दाची पक्की आहे.

पहिली काही मिनिटं स्वर्ग. मग एक स्पीडब्रेकर न सांगता आला, हिचं डोकं वर आपटलं. तरी गप्प. चौकात मागचे हॉर्न बोंबलायला लागले तेव्हा कळलं की हिरवा झालाय. तरी गप्प. आणि बाजारापुढच्या वळणावर ही किंचाळली.

ब्रेक दाबला. समोर छत्री. छत्रीखाली एक बाई. आरसा छत्रीला लागला आणि बाई रस्त्यावर बसली. तळवा खरचटला, बाकी काही नाही. काही नाही. ही धावत उतरली, आपल्या बाटलीतल्या पाण्याने तिचा हात धुतला, रुमाल बांधला, तिची माफी मागितली. बाई मला म्हणाली की अहो, मी पट्ट्यांवरून चालत होते. पट्टे कुठे होते? छत्री राखाडी, रस्ता राखाडी, आभाळ राखाडी. असल्या रंगाच्या छत्र्या बनवतात कशाला?

घरी आल्यावर हिला विचारलं की तुला आधी दिसली नव्हती का? म्हणाली की दिसली होती. मला वाटलं, एवढी मोठी तरी तुम्हाला दिसेल.

जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर

विचार केला. दोष ब्रेकचा. वेळेवर लागले नाहीत. ब्रेक मी स्वतः बघणार.

मुलाला काही सांगू नको म्हटलं. नाही सांगणार म्हणाली. पण गाडीत पाय ठेवणार नाही, असंही म्हणाली. ताईकडे बसने जाणार म्हणे. दोन बस बदलून, त्या गुडघ्यांनी! म्हटलं, बघू किती दिवस नखरा टिकतो.

२२ नोव्हेंबर

गाडी जॅकवर. पुढचं चाक काढलं. ब्रेक ऑइल फरशीवर सांडलं, ही वर्तमानपत्रं घेऊन आली.

गाडीचं पुस्तक उघडलं, तर अक्षर इतकं फिकं आणि बारीक की छापलंय कशाला असा प्रश्न पडावा. हिला म्हटलं, जरा वाच. स्टुलावर बसून वाचायला लागली. मी खाली, ही वर. ती सांगेल तसं मी चाचपत होतो. बरं वाटत होतं खरं सांगायचं तर. मग पुस्तकात आलं की खूण केलेली बाजू बाहेर ठेवावी. मी पॅड उलटून-पालटून बघितलं. हिने स्टुलावरून बोट दाखवलं, ही काय खूण, पांढरी, ठळक. मला कुठेच दिसेना.

हिने पुस्तक मिटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली की ताईकडे जाताना वर्षभरात मी एकदाही खिडकीबाहेर बघितलेलं नाही. तुमच्याऐवजी रस्ता बघते. आता थकले हो मी.

बायकांना अतिशयोक्तीची सवय असते.

ब्रेक ऑइलचा हात डोळ्याला लागला होता. त्यामुळे बराच वेळ पाणी येत होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ही सकाळीच बसने गेली. गाडी अजून तीन चाकांवर आणि एका जॅकवर. दिवसभर ताटलीतले नटबोल्ट इकडचे तिकडे केले. घर खायला उठलं होतं.

अंधार पडला तरी पत्ता नाही. फाटकाशी जाऊन उभा राहिलो. एक बाई पाय ओढत येताना दिसली, फाटकाशीच थांबली. मी विचारलं, कोण हवंय आपल्याला?

म्हणाली, अहो, मी.

शाल वेगळी होती. अंधार होता. रस्त्यावरचे दिवे तर असे.

शाल तीच होती. पाच वर्षांपूर्वी मीच आणली होती.

२७ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. सगळ्यांची तोंडं एकदाची बंद करावीत म्हणून, बाकी काही नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. बाईंनी विचारलं, दिव्यांभोवती कडं दिसतं का? म्हटलं, ते व्होल्टेजमुळे. त्यांनी हिच्याकडे बघितलं. मग विचारलं की गाडी चालवत नाही ना? मी म्हटलं, गाडी सध्या दुरुस्तीला आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन.

म्हणजे थोडा दोष डोळ्यांचा निघाला. बराचसा हेडलाइटचाच.

३० नोव्हेंबर, रविवार

मुलगा मेकॅनिकला घेऊन आला. त्याने ब्रेक आणि चाक बसवून दिलं. किल्ली मुलाकडे दिली. फक्त ऑपरेशनपर्यंत, हे दोनदा बजावलं.

११ डिसेंबर

काल एका डोळ्याचं ऑपरेशन, आज पट्टी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खिडकीबाहेर काय दिसतंय सांगा. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे. चिमट्यांसकट.

मग हिच्याकडे बघितलं. केव्हा एवढी पिकली ही? डोळ्यांखाली केवढं काळं झालंय. मी बघत राहिलो तर म्हणाली, काय बघताय, चला, थेंब घालायची वेळ होईल.

घरी आल्यावर सरळ गॅरेजमध्ये गेलो. ही नको नको म्हणत होती.

मडगार्ड हिरवा आहे. राखाडी गाडीला हिरवा मडगार्ड. पुढच्या काचेवर गोल गोल ओरखडे, काथ्याने घासलेल्या परातीसारखे. हेडलाइटच्या कडेने वाळलेली टूथपेस्ट. फाटकाचा खांब भिंतीच्या ओळीत, अगदी सरळ. त्याच्यावर आमच्या गाडीच्या रंगाचे फराटे. मला एकच आठवत होता. खूप आहेत. असला माल मी कारखान्याच्या दारातूनच परत पाठवला असता.

हिच्या बाजूचं दार उघडलं. पायाखालची रबरी मॅट एका जागी झिजून आरपार गेलीय, उजव्या पायाखाली, खालचा पत्रा दिसतो. आधी वाटलं, रबरच हलकं. माझ्या बाजूची बघितली. दोन्ही एकाच दिवशी आणलेल्या. माझी शाबूत.

त्या बाजूला ब्रेक नसतो.

हिला विचारलं, तर म्हणाली, पाय आपोआप जायचा हो. आणि थेंबांची बाटली शोधायला आत गेली.

मुलाला फोन करून सांगितलं की किल्ली तुझ्याकडेच राहू दे. काय झालं म्हणून विचारत होता. म्हटलं, काही नाही.

मंगळवारी ताईकडे दोघं बसने. खिडकीची जागा हिची.