इटलीत जेवायचं कुठं

आई, मी दुबईत मरीनाला, पोराच्या तिसाव्या मजल्यावरच्या घरात बसून तुला लिहितेय. माझं तिसरीतलं अक्षर बघून हसू नकोस, तुला तर तेवढंही येत नव्हतं. सुट्टीत हे सगळे इटलीला निघालेत, मलाही नेतायत, व्हिसासुद्धा आला. मी खूश आहे गं. पण चार दिवस घरात एकच वाद, तिथं जेवायचं कुठं आणि वाईन प्यायची कुठं. पोरगा म्हणतो, रिव्ह्यू बघून रोममध्ये बुकिंग करू. सून म्हणते, द्राक्षाच्या मळ्यातच जाऊ, जिथं करतात तिथंच पिऊ. नात म्हणते, "नो बाबा, ऑल टूरिस्ट ट्रॅप." मग निकालाला पुण्याला व्हिडिओ फोन लावतात, विहीणबाईंना. त्या दोनदा जाऊन आल्यात ना. मोत्याची माळ घालून सांगतात, "मटणाबरोबर लालच घ्यायची हं." नात टेकलेली असते माझ्या मांडीला आणि "वॉव आजी" म्हणते त्यांना. हिची दुपटी मी धुतली, आई. हातातली भेंडी इतकी बारीक चिरली की सून म्हणाली, "आई, ही भाजी करायचीय की चटणी?"

काल विहीणबाई फोनवर असतानाच मी म्हटलं, मी सांगू का? पोरगा हसला. "आई, तू वाईन बघितलीस तरी का कधी?" आणि मला एकदम तुझी स्टँडसमोरची खानावळ आठवली, आणि आपण मावशीकडे निघालो होतो तो दिवस. मी आठ वर्षांची, भुकेनं कळवळलेली, नवीन वाचायला शिकलेली. वाटेतल्या एका हॉटेलाची पाटी तुला ऐटीत वाचून दाखवतेय, आणि तू दंड धरून मला मागं मोरीकडं नेतेस. "पाटी काय वाचतेस? ताटं बघ." धुवायला आलेल्या ताटांत निम्मी भाजी तशीच. तू पुढं चालायला लागतेस. तिसऱ्या ठिकाणी ताटं पुसल्यासारखी लख्ख, तिथं आपण बसलो.

तेच सांगितलं. उठून जाणाऱ्यांच्या ताटात काय उरलंय ते आधी बघा, मग बसा. नात म्हणाली, "अँड वाईन?" म्हटलं, मालक स्वतः जेवताना जी पितो तीच मागायची. हे मात्र माझं मीच जुळवलं. पोरगी ताठ उठून बसली. "आजी, दॅट्स जीनियस." लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. पोरगा म्हणाला, "खलास, ठरलं." विहीणबाई माळ सारखी करत गोड आवाजात, "कुणी शिकवलं हो तुम्हाला हे?"

सगळे माझ्याकडं बघत होते. तू अगदी ओठावर आली होतीस. मी म्हटलं, "कुणी नाही, सुचलं आपलं."

एवढं कौतुक पहिल्यांदाच वाट्याला आलं, त्यात तुलाही वाटेकरी करवेना. हा कागद पासपोर्टच्या पिशवीत घडी करून ठेवतेय. तिथं ताटं बघताना नातीला खरं सांगेन म्हणते. बहुतेक नाही सांगायची.