गडमुडशिंगीची हवा

गुरुवार, संध्याकाळ. राजारामपुरी

स्टेशन चालू झालं. लांबच्या लोकांशी बोलायचा आप्पांचा हॅम रेडिओ आणि अँटेना गडमुडशिंगीला त्यांच्या घरी, आप्पा इथं माझ्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर, मधे इंटरनेट. जिन्यावरून पडल्यापासून डॉक्टर त्यांना एकटं राहू देत नाहीत. रेडिओ इथून चालला तर ते इथं रमतील, असं मी धरून चालले होते.

आवाज स्वच्छ गेला. साताऱ्याच्या त्यांच्या जुन्या मित्रांनी लगेच ओळखलं. "आप्पासाहेब, हायसा म्हणायचं की! आम्हाला वाटलं, रेडिओ विकलासा." आप्पा हसले. पडल्यानंतर पहिल्यांदाच. मी आवाजाची पातळी बघत बसले. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, एवढं लिहून ठेवते.

मग त्या मित्रांतल्या एकानं विचारलं, "गडमुडशिंगीला हवा कशी हाय?" रेडिओवर हे सगळेच विचारतात. आप्पांनी खिडकीकडे पाहिलं. समोर कोचिंग क्लासची पाटी. मी फोनवर तिथलं हवामान काढून पुढे धरलं. तापमान, वारा, सगळं होतं. त्यांनी फोन हाताने बाजूला सारला आणि बोलायचं बटण दाबून म्हणाले, "ठावं न्हाय गड्या. अँटेना तिथं हाय, मी लेकीकडं हाय."

त्याआधी ते हसले होते, हे मात्र मी पाहिलं होतं.

नंतर मला म्हणाले, "चांगलं केलंयस पोरी. काय चूक न्हाय त्यात. पण रविवारी मला घरी सोड."

मी हो म्हटलं. डॉक्टरांचं काय, हे विचारायचं राहून गेलं, की मी मुद्दामच विचारलं नाही? आत्ता सांगता येत नाही.