बॅटरी संपली होती

प्रिय ठमाबाई,

पत्र बघून हसू नकोस. बापाला मेसेज टाकता येतो, पण त्यात माझं पाल्हाळ मावत नाही. इथे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त. परवा दुकानात एक बाई कपड्यांबरोबर धुऊन निघालेला फोन घेऊन आल्या आणि वर मलाच सांगू लागल्या, की साबण चांगल्यातला होता हो!

गेले तीन महिने मी फोन केला की तू उचलत नाहीस, आणि दोन दिवसांनी एक ओळ येते, बाबा, बॅटरी संपली होती. दुसऱ्या कुणा बापाला पोरीची काळजी वाटली असती. मी पडलो मोबाइल दुरुस्त करणारा, मला बॅटरीची वाटली. एक पॉवर बँक पाठवली, मग तिच्याहून मोठी, असं करत चार झाल्या. आईने विचारलं, तिकडे शाखा काढताय का? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, पोरीला हुरूप यावा, म्हणून प्रत्येक खोक्यात मी कॅलेंडरवरचा एक सुविचार कापून घालत होतो. आता आठवलं की लाज वाटते.

मग गेल्या शुक्रवारी तुझ्या कॉलेजचं पत्र आलं. तीन महिने वर्गात नाहीस, प्रकल्पाचं एक पानही दिलेलं नाहीस, असंच राहिलं तर नाव कमी करतील. आईला वाचून दाखवलं. मला वाटलं भडकेल. ती एवढंच म्हणाली, पोरगी जेवते तरी का?

तुला एक कधी सांगितलं नाही. तू चौथीत असताना आपलं दुकान सात महिने बंद होतं. दारावर पाटी होती, ‘सुटे भाग आलेले नाहीत’. भाग कपाटात खच्चून भरले होते. मलाच सोल्डरिंग आयर्न हातात धरवत नव्हतं. सकाळी आत जाऊन बसायचो, संध्याकाळी कुलूप लावून घरी यायचो. का, ते आजही सांगता येणार नाही. शेजारच्या शिंप्याने सगळं ओळखलं होतं, पण उपदेशाचा एक शब्द काढला नाही. रोज चहा घेऊन यायचा, बसायचा, जायचा. एकदा जाताना बंद पडलेली विजेरी टेबलावर ठेवून गेला. ती मी पाच दिवसांनी उघडली. एक तार सुटली होती. त्या महिन्यात तेवढंच काम केलं. पुढच्या महिन्यात दोन केली.

पार रिकामी होऊन पडलेली बॅटरी एकदम जोरात चार्ज करायला गेलं तर घेतच नाही, आधी थोडा थोडा करंट देत बसावं लागतं. हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आणि घरच्या पोरीला चार पॉवर बँका!

आता या पत्राचं खरं कारण. त्या पत्रानंतरच्या रविवारी मी तुझ्याकडे आलो होतो. कॉलेजचं काहीही असो, निदान बॅटरी तरी खरी असेल, असं मनात धरून तुझ्या इमारतीसमोरच्या बाकावर बसलो आणि फोन लावला. तू गॅलरीत उभी होतीस. फोन तुझ्या हातातच वाजत होता. तू माझं नाव बघितलंस, वाजणं थांबेपर्यंत बघत राहिलीस, आणि मग ओढणीने डोळे पुसलेस. मला वर यायचा धीर झाला नाही गं. पोरगी इतकी घाबरते ती मलाच, हे कळलं. मी परतीची गाडी पकडली आणि आईला थाप मारली, की तू घरी नव्हतीस. येत्या रविवारी दुपारी आम्ही दोघं येतोय. प्रकल्पाचं विचारणार नाही. नाव कमी झालं तर होऊ दे, आपल्या घरातून कुणाचं नाव कमी होत नसतं. फोन करणार नाही, सरळ जिना चढून वर येऊ. तू फक्त कडी काढ.

तुझाच, आणि या खेपेला न पळणारा,
बाबा