स्वतःला दिलेले दोन मेमो

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी,
शासकीय कार्यालय इमारत, चौथा मजला.

विषय : माझ्यावर लक्ष ठेवण्यासाठी माझ्याव्यतिरिक्त कोणीतरी मिळणेबाबत.

संदर्भ : मेमो क्र. १ व २ (दोन्ही माझ्याच अक्षरात).

महोदय,

मी या इमारतीच्या पुढच्या फाटकावर अकरा वर्षे सुरक्षारक्षक आहे. मागच्या फाटकावरचे काका निवृत्त झाल्यापासून तेही फाटक माझ्याकडे आहे. पुढे पर्यवेक्षक साहेबांची बदली झाली आणि दुसरा माणूस येईपर्यंत त्यांचा कार्यभारही माझ्याच गळ्यात पडला. म्हणजे गेले चार महिने मी पहारा देतो आणि मी पहारा देतो की नाही, हेही मीच तपासतो.

१. मागे जाताना पुढचे फाटक ओस दिसू नये म्हणून मी खुर्चीवर टोपी ठेवून जात असे. लोक टोपीलाच पास दाखवून आत जात. एका वयस्कर बाईंनी तिला नकाशा विभाग कुठे म्हणून विचारले आणि उत्तर न आल्याने माझ्या उद्धटपणाची लेखी तक्रार केली. चौकशी मी केली. त्यात मी बिनटोपीचा सापडलो. मेमो क्र. १.

२. मग टोपी डोक्यावरच ठेवली, तर पुढचे फाटक दहा मिनिटांहून जास्त रिकामे राहिले. मेमो क्र. २. खुलासा मीच लिहिला, पण पर्यवेक्षक म्हणून वाचला तेव्हा पटला नाही.

तिसरा मेमो म्हणजे नोकरी संपली, हा नियम आपण जाणताच. बायको म्हणते, "अहो, आपलाच माणूस आहे, घ्या की सांभाळून." पण वहीत खोटे लिहायला माझा हात धजत नाही. साहेब, मी खरोखर घाबरलो आहे. या वयात मला दुसरे काही येत नाही.

तरी मागच्या फाटकाला एक रक्षक द्यावा. ते जमत नसल्यास निदान पर्यवेक्षक नवा द्यावा, म्हणजे त्याच्यापुढे गयावया करता येईल. स्वतःपुढे करून पाहिली, उपयोग झाला नाही.

आपला नम्र, आणि तूर्त माझाच वरिष्ठ,
(सही)
सुरक्षारक्षक, दोन्ही फाटके
दिनांक : १४ जून

सोबत : मेमो दोन, खुलासे दोन, बाईंची तक्रार एक.

ता.क. अर्ज स्वतः वर येऊन देण्याचा नियम आहे. लिफ्ट बंद आहे आणि पोच देणाऱ्या बाई जेवायला गेल्या आहेत. फाटक सोडून मला सतरा मिनिटे झाली. मी जिना अगदी सावकाश उतरतो. मी खाली पोचण्याआधी नवीन पर्यवेक्षक नेमावा, ही विनंती.