रिगिदा, म्हणजे ताठ

ती. मामांना साष्टांग नमस्कार (म्हणजे पालथं पडून, मी उताणं समजत होते, मामीने सुधारलं).

पत्र लिहायला कारण की तुम्ही नऊ दिवस माझ्याशी बोलत नाही आहात. इकडे सगळे खुशाल. तिकडेही असणार, मध्ये एकच भिंत आहे. मघाशी तुमचा खोकला ऐकला, तब्येतीला जपा. शनिवारी बागेत तुमचा निरोप समारंभ आहे आणि 'मी जाणार नाही' असं तुम्ही मामीला सांगितलंत, तेही मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

तुम्ही एकतीस वर्षं मुख्य माळी म्हणून काढलीत, तर एक झुडूप तुमच्या नावाने करायचं असं बागेतल्या सगळ्यांनी ठरवलं. निवडलं ते काचघराजवळचं, ज्याची पानं वाऱ्यातही हलत नाहीत. त्याच्या लॅटिन नावात शेवटी 'रिगिदा' आहे. पाटीवर मराठी कोण लिहिणार, तर मी, कारण मी तीन महिने लॅटिनच्या क्लासला जाते. (मराठीच्या क्लासला जातेस का, हे कुणी विचारलं नाही.)

मामा, हे विशेषण फार भारी आहे. रिगिदुस म्हणजे ताठ. पण थंडीने कडक झालेला पण रिगिदुस, उभे राहिलेले केस पण, आणि ज्याच्यापुढे कुणाचा वशिला चालत नाही असा माणूस पण. आणि ते चालतं मराठीसारखंच: काळा, काळी, काळं, तसं रिगिदुस, रिगिदा, रिगिदुम. झुडूप मराठीत 'ते' असलं तरी लॅटिनमध्ये 'ती' आहे, म्हणून रिगिदा. (ही रिगिदाबाई कोण, असं तुम्हाला चहावाल्याने विचारलं, त्याचा राग माझ्यावर काढू नका.) गंमत म्हणजे मराठीतलं 'ताठ' कुणासाठीच बदलत नाही. हे तुमच्याबद्दल नाही.

तर एवढे अर्थ, आणि मला एकही सोडवेना. डिक्शनरी समोर ठेवून मी लिहिलं: 'रिगिदा: ताठ, आखडलेली, गार पडलेली. मुख्य माळ्यांच्या स्मरणार्थ.' मला वाटलं स्मरण म्हणजे आठवण, आणि आठवण तर आम्हाला येणारच. 'स्मरणार्थ' लिहायला माणूस आधी जावा लागतो, हे आमच्या शाळेत कुणी शिकवलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. एका बाईंनी शाळेची अख्खी सहल पाटीपुढे दोन मिनिटं गप्प उभी केली. (तिसरीची मुलं. बाईंचं कौतुक आहे.) बियाण्यांचे दुकानदार मामीचं सांत्वन करायला आले आणि दार उघडलंत तुम्ही. ते म्हणाले, "अहो, तुम्ही इथे कसे?" तुम्ही म्हणालात, "मी इथेच राहतो." त्यानंतर ते दारात जसे उभे राहिले त्याला रिगिदुसच म्हणतात, मी क्लासमध्ये उदाहरण म्हणून सांगितलं. आणि तेव्हा मी मागे उभी राहून हसले. पाटीपेक्षा तुम्हाला तेच लागलं, हे मला कळतं. पाटीसाठी एकदा आणि हसण्यासाठी दोनदा माफी मागते. पण शनिवारी या. भाषण माझं आहे, तुम्ही समोर नसाल तर मी ते कुणाकडे बघून करू?

तुमची (शेजारच्या खोलीतली) भाची

ता.क. मामीने पत्र तपासलं. 'आखडू' हा शब्द चार ठिकाणी होता, तो तिने खोडला. मग पाचव्या ठिकाणी स्वतःच घातला, तो मी खोडला.

ता.क. दोन. आता खरं काम. नवी पाटी तयार आहे (मामीने दोनदा वाचलेली). जुनी काढायला गेले तर चौकीदाराने अडवलं. मुख्य माळ्याच्या लेखी परवानगीशिवाय बागेतली एकही पाटी हलवायची नाही, हा तुमचाच नियम. मी म्हटलं, सही आणते. तर म्हणाला, "कुणाची सही आणणार ताई? ते गेले ना, पाटीवर लिहिलंय." तेव्हा सोबतच्या कागदावर सही करा आणि खाली आजची तारीख घाला. पाटी लागल्यानंतरची तारीख दिसल्याशिवाय तो तुम्हाला हयात धरणार नाही म्हणतो, आणि त्याला तुम्हीच नेमलंय.