मेजर, कर्नल आणि पाच खोटी पोटं

क्रॅगशॉ,
शुक्रवार, चहानंतर

तीर्थरूप विनीताईस,

धाकट्या अर्नॉल्डचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का, की अजून आपलं शिट्ट्याच मारतंय? तुझी भावजय मॉरीन बरी आहे. फक्त सोमवारपासून ती माझ्याशी गरजेपुरतं बोलते, आणि तिच्या मते गरज फारशी पडत नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तर फोनवर आधी तू बोलतेस आणि मग फोन ठेवतेस, मधे मला जागाच नसते. पत्रात तसं करता येत नाही. (अर्ध्यावर फाडू नकोस. तुझ्या कामाचं पुढे आहे.)

येत्या रविवारी आमच्या फेरेट क्लबची सभा आहे आणि मला सेक्रेटरीपदावरून काढायचं की नाही यावर हात वर होणार आहेत. एकोणीस वर्षं मी या गावाला एकच गोष्ट सांगत आलो, की आधी घरं ठरवा, मग पिल्लं होऊ द्या. फेरेट म्हणजे लोकांना पाळीव मुंगूस वाटतं, म्हणून त्याचं पिल्लू मागायला येणाऱ्या माणसाला मी एकतीस प्रश्न विचारतो. पिंजरा कुठे ठेवणार, जनावरांचा डॉक्टर कोण, ब्लॅकपूलला आठवडाभर गेलात तर बघणार कोण. (एक जोडपं सत्ताविसाव्या प्रश्नाला उठून गेलं आणि त्यांनी ससा घेतला.) तीन वर्षांपूर्वी आमच्या अध्यक्षांना, म्हणजे क्लिफर्ड टॉर्डॉफला, त्याच्या मादीची पिल्लं हवी होती. त्याच्याकडे चारच घरांची नावं होती, म्हणून मी भर सभेत नाही म्हटलं. तेव्हापासून तो मॉरीनला बघून टोपी काढतो आणि मला बघून घालतो.

आता मूळ भानगड. दाजींबरोबर तू चाळीस वर्षं फेरेट सांभाळलेस, तुला मी काय शिकवणार, पण मी सेक्रेटरी आहे, शिकवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मादी वसंतात एकदा माजावर आली की नर भेटेपर्यंत उतरत नाही. आठवडेच्या आठवडे तशीच राहते, अंगातलं रक्त आटत जातं, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि एक दिवस ती हातची जाते. यावर इंजेक्शन आहे, पण आमच्या खोऱ्यातले लोक स्वतःला टोचून घेत नाहीत तिथे जनावराला कुठले टोचतायत. म्हणून क्लब नसबंदी केलेला एक नर ठेवतो. तो सगळं यथासांग पार पाडतो, म्हणजे मानगूट धरून तिला तासभर फरफटवतो, ती किंचाळते, शेजारी खिडक्या लावून घेतात, आणि मादी माजावरून उतरते. पिल्लं होत नाहीत. तिला मात्र आपण गाभण आहोत असंच वाटत राहतं. पोट फुगतं, गवत ओढून घर करते, आणि सहा आठवडे पुरे झाले की काहीच होत नाही. खरं पोट आणि खोटं पोट यांत तोपर्यंत बघणाऱ्याला काडीचा फरक दिसत नाही.

तर आमच्या क्लबचा हा नर म्हणजे माझा मेजर. आणि कर्नल म्हणजे मेजरचा सख्खा भाऊ, तोही माझाच, आणि तो मात्र देवाने पाठवला तसा, शाबूत. दोघं पांढरे, दोघांचे डोळे लाल, वजनात एका बिस्किटाचा फरक. ओळख पटावी म्हणून मेजरच्या खांद्यांमधे मी मेंढ्यांवर मारतात त्या निळ्या रंगाचा ठिपका देत असे. दोन वर्षं बिनबोभाट चाललं. मग ईस्टरच्या शनिवारी क्लबचं प्रदर्शन आलं, आणि आदल्या दिवशी मी ‘नरांची ओळख व नोंद’ या विषयावरचं भाषण घोटत माडीवर बसलो असताना मॉरीनने दोघांना स्वयंपाकघरातल्या मोरीत लहान मुलांचा साबण लावून आंघोळ घातली. खाली येऊन बघतो तर दोघं चुलीपुढे टॉवेलवर, लख्ख, एकसारखे.

“ठिपका?” मी म्हटलं.

“गेला एकदाचा,” ती म्हणाली. “किती दिवस तो डाग घेऊन हिंडवणार होतास बिचाऱ्याला?”

मिस पिकर्सगिलकडे, म्हणजे आमच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे, दोघांना घेऊन गेलो असतो तर बाईंनी छडा लावून दिला असता. पण दुसऱ्या दिवशी ओळख व नोंद यावर बोलणारा माणूस आदल्या दिवशी ‘यातला कोण कोणता’ म्हणून कोणत्या तोंडाने जाणार? मी डोकं चालवलं. दोघांतला एक टॉवेल फाडत होता आणि दुसरा निवांत पडला होता. शस्त्रक्रियेने माणूस शांत होतो, तेव्हा निवांत तो मेजर, असं मी ठरवलं आणि त्याला निळा ठिपका दिला. ताई, नसबंदीने नराच्या स्वभावात तिळमात्र फरक पडत नाही, हे वाक्य मी स्वतः क्लबच्या माहितीपत्रकात छापलंय. दोनदा. एकदा ठळक अक्षरांत.

ईस्टरनंतर मी दरवर्षीसारखा दौरा काढला. सोमवारी क्लिफर्डकडे (मादीसाठी त्याला माझा नर चालतो, मी चालत नाही, म्हणून पेटी कुंपणावरून दिली), बुधवारी पोस्टातल्या मिसेस इबॉटसनकडे, गुरुवारी शाळेच्या शिपायाकडे, शुक्रवारी खाटकाकडे. आणि पुढल्या रविवारी, पेटी मांडीवर घेऊन दोन बस बदलून, तुझ्याकडे. पर्लच्या हिरड्या मेणबत्तीसारख्या दिसतात असं तू लिहिलं होतंस, म्हणून मी लगोलग निघालो होतो. तू हॅमची सँडविचं केलीस, आपण दाजींच्या आठवणी काढल्या, मागे शेडमधे काय ते झालं, आणि निघताना तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, “पोर वाचवलीस रे माझी.” ते वाक्य हल्ली मला जेवू देत नाही.

नंतरचे सहा आठवडे मी गावभर दिलासा वाटत फिरलो. मिसेस इबॉटसन म्हणाल्या, पोट फारच मोठं दिसतंय, तर मी म्हटलं, खोटं पोट मोठंच असतं. क्लिफर्डने कुंपणापलीकडून विचारलं, आत काहीतरी हलतंय का रे, तर त्याला मी हवेचं शास्त्र समजावलं. तीन वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो. मग या सोमवारी सकाळी तो माझ्या दारात उभा. टोपी हातात. मला वाटलं, समेट झाला.

“सेक्रेटरीसाहेब,” तो म्हणाला, “त्या तुमच्या हवेला अकरा तोंडं आहेत. अकराही दूध पितायत.”

सहा आठवडे म्हणजे सोमवारचं सोमवारीच येतं. बुधवारी पोस्टात आठ. (मिसेस इबॉटसननी तिकिटाची खिडकी माझ्या तोंडावर बंद केली आणि पाच मिनिटांनी एकाचं नाव अर्नॉल्ड ठेवलंय म्हणून सांगायला उघडली.) गुरुवारी शिपायाकडे सात. आज खाटकाकडे नऊ, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. पस्तीस पिल्लं, आणि ठरलेलं घर एकही नाही. काल मी माझेच एकतीस प्रश्न स्वतःला विचारून बघितले. चौथ्याला नापास झालो.

लोक हसतायत, हसू देत. पद जाईल तेही मी समजू शकतो, जरी रविवारच्या भाषणाची चौदा पानं लिहून तयार आहेत आणि सातव्या पानावर माणसं डोळे पुसतील असा माझा अंदाज आहे. पण तुझ्याकडे आम्ही रविवारी आलो होतो, ताई. पर्ल पाच वर्षांची आहे, अंगाने बारीक आहे आणि एकदाही व्यायलेली नाही. मी काल शेवटी मिस पिकर्सगिलकडे गेलोच. बाई मला रागावल्या नाहीत, त्याने जास्त घाबरलो. म्हणाल्या, या वयात पहिलटकरणीचं पिल्लू अडू शकतं. कळा येऊन दोन तासांत काही झालं नाही तर वाट बघायची नाही, पोट उघडावं लागेल. त्यांच्या ओळखीचा डॉक्टर तुझ्यापासून तीन मैलांवर आहे, त्याला त्यांनी सांगून ठेवलंय. दाजींच्या हातची तुझ्याकडे ही एकच राहिलीय. तिला काही झालं तर मी तुला तोंड दाखवू शकणार नाही. मला फार भीती वाटते आहे.

तिला भरपूर खायला घाल, सुकं गवत दे, घरट्यात हात घालू नकोस आणि घाबरू नकोस. घाबरायचं काम इथे चालू आहे.

तुझा, अजून तरी भाऊ,
अर्नॉल्ड

ता.क. एक छोटीशी विनंती. क्लबला मी चार माद्यांचं लेखी कबूल केलंय. पाचवी गावाबाहेरची, म्हणून कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. क्लिफर्डचा फोन आलाच तर पर्लचं पोट खोटं आहे एवढंच म्हण. रविवार टळला की मग पुढचं बघता येईल.

ता.क. २. वरचा ता.क. मॉरीनने वाचला. ओरडली नाही. रविवारी पर्ल कळा देत असताना मी नक्की कुठे असेन, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, हॉलमधे, भाषण आहे. तिने माझ्या पुढ्यातली पोर्क पाय, म्हणजे माझी लाडकी मांसाची कचोरी, उचलली आणि कपाटात ठेवली. अर्ध्या तासाने मी क्लबच्या वहीत ‘पाचवी, पर्ल, माझी बहीण विनिफ्रेड हिची, चूक सर्वस्वी माझी’ असं शाईने लिहिलं आणि वही क्लिफर्डच्या घरी नेऊन दिली. भाषण त्याला दिलं नाही. माझ्या वतीने ते वाचायची त्याची लायकी नाही आणि माझी आता उरलेली नाही. कचोरी परत मिळाली.

ता.क. ३. (शनिवार, सकाळ. पेन्सिलीने, उभ्याने लिहितोय, अक्षराला हसू नकोस.) पत्र पोस्टात टाकलं नाही. टाकलं असतं तर मिसेस इबॉटसनच्या हातून गेलं असतं. ते तुझ्या दारातल्या फटीतून आत्ता मीच आत सारतोय. मी पायरीवर उभा आहे, बरोबर गवताचं पोतं आहे, डॉक्टरीणबाईंनी दिलेली औषधाची बाटली आहे आणि डॉक्टरचा फोन नंबर पाठ आहे. सोमवारपर्यंत मी हलणार नाही, तुझ्या शेडमधे खुर्ची टाकून बसेन. तुझी शेजारीण पडद्याआडून बघते आहे. दार उघड, ताई. आधी पर्लचं बघू, मग माझं काय करायचं ते कर.